पट्टीवर नसलेलं नाव

बाई, तुम्ही अतिदक्षता विभागाच्या प्रमुख परिचारिका; बाकीच्या सगळ्याजणी तुम्हाला मॅडम म्हणत. माझ्या तोंडी मात्र मराठी शाळेची सवय बसलेली, म्हणून तुम्ही माझ्या बाईच राहिलात. परीक्षेत पहिली येणारी ही मुलगी रुग्णापाशी बोलायची वेळ आली की पुटपुटते, हे तुम्ही माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हेरलंत. "अहो विदुषी, हा आयसीयू आहे, ग्रंथालय नव्हे. आवाज काढलात तरी कुणी दंड करणार नाही." रक्त चढवण्याआधी रुग्णाचं नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं, हा तुमचा दंडक. 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारायचं नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही मान डोलावतो.

त्या सकाळी शहरात नुकत्याच सामील झालेल्या एका गावच्या आजी माझ्याकडे होत्या. पोटात रक्तस्राव, चेहरा पांढराफटक. मी नाव विचारते आणि आजी भलतंच नाव सांगतात. मनगटावरची पट्टी आणि रक्ताची पिशवी यांवरचं नाव एकच, आजींच्या तोंडचं निराळं. पट्टीच चुकीच्या हाताला बांधली गेली असेल तर? माझा हात थांबतो.

"सिस्टर, पट्टी जुळतेय ना? मग बारसं कसलं मांडलंय? लावा!" डॉक्टर कडाडतात.

मागून तुम्ही, अगदी शांत: "डॉक्टर, चढवलेलं रक्त परत काढून घ्यायची सोय असेल तर सांगा, आत्ता लावते."

तुम्ही बाहेर बसलेल्या आजींच्या मुलाला बोलावून त्यांनी सांगितलेलं नाव विचारलंत. "आवो, ते तिचं म्हायेरचं नाव हाय! लग्नात बदललं की. मायच हाय ही माझी." मग आपण दोघींनी पट्टी आणि पिशवी पुन्हा मोठ्यानं वाचली आणि रक्त सुरू झालं. नंतर मला म्हणालात, "थांबलात ते उत्तमच. पण मनातल्या मनात थांबलात. ते डॉक्टरांना कसं कळावं?"

आजी सावरल्या तेव्हा म्हणाल्या, "त्या नावानं हाक मारनारं आता कुनी उरलं न्हाई गं. तू मार की येकदा." मी मारली. "पोचला हो आवाज," तुम्ही पलीकडच्या टेबलावरून म्हणालात.

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र टपालात पडणार नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा धीर झाला. किती अनोळखी माणसांना मी नाव विचारत आले, बाई. तुमचं माहेरचं नाव विचारणं मात्र मला कधी जमलं नाही.