डोलकाठीवरचं नाणं

ऑकलंड, शुक्रवार

प्रिय आई,

आपल्या रीतीनं इथूनच तुझ्या कपाळाला कपाळ टेकवतो. मी मजेत आहे, पोटभर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

आज शिडाच्या बोटींची उपांत्य शर्यत जिंकलो. बोटी दोनच, आणि धक्क्याच्या इतक्या जवळ की लोकांच्या तळलेल्या माशांचा वास येतो. वळताना आमची डोलकाठी कडाडली, तर लोकांनी टाळ्या पिटल्या! त्यांना वाटलं, हा खेळच आहे.

नंतर आतून कुठे तडा गेलाय का ते कळावं म्हणून मी बाबांसारखं डोलकाठीवर नाणं वाजवत गेलो. सगळीकडे टणटण वाजलं, फक्त छातीच्या उंचीला एका जागी भद्द. आमचा कप्तान डंकन हसला. "रेवी, बोट आहे ही, कलिंगड नाही! एकच शर्यत उरलीय, काढेल ती."

रविवारी अंतिम शर्यतीला वारा वाढणार म्हणतात. माझी जागा डोलकाठीच्या बुडाशीच आहे, म्हणजे धरायला आधार आहे. काळजी करू नकोस.

पत्र मामाबरोबर पाठवतोय. बाबांना वाचून दाखवू नकोस. टीव्हीपुढे बसले की ते विचारतीलच, "पोरानं नाणं वाजवलं का?"

सांग, सगळीकडे टणटण वाजलं.

तुझाच,
रेवी