शेवाळी गाडी, साडीगार्डसकट

१३ सप्टेंबर, शुक्रवार
सोनाळ्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर मोटारसायकल पुन्हा बंद. अर्जुनरावांनी प्लग काढला, पुसला, फुंकर मारली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने इतक्या मायेने दुसऱ्या कशालाही हात लावलेला नाही.
शाळेत अकरा मिनिटं उशीर. धम्मशीलाने घड्याळाकडे बघितलं आणि मस्टर पुढे सरकवलं. मुख्याध्यापिका झाल्यापासून ती बोलत नाही, बघते. बुलढाण्याला कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. बी.ए.ला मला एकसष्ट टक्के, तिला अठ्ठावन्न. नोकरीला मात्र ती दोन महिने आधी लागली, म्हणून खुर्ची तिची. मला त्याचं काहीच वाटत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.
निश्चय: दुसरी गाडी. लवकर.

१४ सप्टेंबर, शनिवार
गीताबाई आमच्याकडे भांडी घासते आणि धम्मशीलाकडेही. आज म्हणाली, मोठ्या मॅडम गाडी घेऊन राह्यल्या. स्कुटी इकणार, मोटारसायकल घेणार. गिअरची. सोताच चालवणार म्हणे.
छप्पन्नाव्या वर्षी! मी म्हटलं, गीताबाई, मला दुसऱ्यांच्या घरातलं सांगत जाऊ नकोस. मग विचारलं, कंपनी कोणती? माहीत नाही. रंग? माहीत नाही. कधी घेणार? माहीत नाही. ही बाई कुठलंच काम पूर्ण करत नाही. कढईचंही तेच.
दसऱ्यालाच घेणार, उघड आहे. त्यांच्याकडेही तो मोठा दिवस, दरवर्षी नागपूरला जातात. तेव्हा माझी गाडी दसऱ्याच्या आधी दारात हवी. ही स्पर्धा नाही. नियोजन आहे.

१५ सप्टेंबर, रविवार
शोरूम. सेल्समन निघाला हर्षल, माझा जुना विद्यार्थी. सातवीत शेकडेवारीत कच्चा होता. शुभशकुन.
नव्या गाड्या लाखाच्या पुढे. मी कोपऱ्याकडे बघितलं. कुंडीमागे एक शेवाळी रंगाची उभी, हँडलला डब्याची पिशवी. ही इथे कशी, विचारलं. हर्षलने आधी स्वतःचा डबा काढून घेतला. म्हणाला, मॅडम, मागच्या वर्षीचं मॉडेल हाय, इंजिन एक नंबर, पण हा कलर कोणाले आवडूनच नाही राह्यला. सगळं धरून चौऱ्याण्णव हजार.
मी चेहरा कोरा ठेवला. तेवढ्यात अर्जुनराव सीटवर बसून म्हणाले, भल्ली मस्त हाय वो!
इथून पुढे शोरूममध्ये अर्जुनरावांनी तोंड उघडायचं नाही. त्यांनी मान्य केलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
कालपासून पितृपक्ष. शोरूम ओस. या पंधरवड्यात कोणी सुईसुद्धा विकत घेत नाही. मी पदवीधर आहे, असलं काही मानत नाही. भाव पाडायचा तो आत्ताच.
हर्षल अठ्ठ्याऐंशीवर आला. मी ऐंशी म्हटलं. तो म्हणे, मॅडम, मालक मलेच इकून टाकतीन. चहा मागवला त्याने. मी घेतला नाही, चहा घेतला की बोलणं मऊ पडतं. माझाही चहा अर्जुनरावांनी प्यायला. तोंड उघडायचं नाही म्हटलं होतं, पण ते चहाला लागू नाही म्हणाले.

२२ सप्टेंबर, रविवार
चौऱ्याऐंशी, वर हेल्मेट. मी साडीगार्डचा मुद्दा काढला. प्लास्टिकचा नको, स्टीलचा, जाळीचा, फुकट. हर्षल म्हणाला, मॅडम, सातवीत तुम्ही मले नापास केलं तवाही इतका त्रास नाही झाला. मी सांगितलं, त्रास झाला असता तर आज शेकडेवारी आली असती.
मागच्या सीटवर पंधरा मिनिटं बसून पाहिलं. आरामशीर.

२५ सप्टेंबर, बुधवार
मधल्या सुट्टीत धम्मशीला डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, वंदना, तू मोटारसायकलचे भाव काढून राहिलीस म्हणे? मला सांग बाई काही. मला भाव करताच येत नाही. समोरचा म्हणेल ते मी देऊन येते.
एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ती खरं बोलली. मी सगळं सांगितलं. कोणतं शोरूम, कोणता कोपरा, हर्षल कुठे अडतो, कुठे हलतो. ऐंशीपर्यंत आणणार हेही सांगितलं. ती म्हणाली, मग तू घेतेस का ती? आता हिच्यासमोर गरज कशी दाखवायची? मी म्हटलं, छे, आमची छान चालते. मी आपली सहज भाव काढते.
ती बघत राहिली. कौतुकानेच असावं.

२८ सप्टेंबर, शनिवार
विजय! साडेऐंशी हजार. हेल्मेट, सीट कव्हर, पायदान आणि स्टीलचा जाळीचा साडीगार्ड. मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात यादी केली, हर्षलची सही घेतली आणि तो कागद गाडीच्या टाकीवर चिकटवायला लावला.
एक बारीक अडचण. हर्षल म्हणे, मॅडम, हा भाव पितरातच. अमावस्येपर्यंत उचला. घट बसले की मालक एक रुपया सोडणार नाही, मंग गिऱ्हाईकच गिऱ्हाईक. अर्जुनराव तोंड उघडून म्हणाले, आजच नेऊ ना मंग! आपल्याले काय होते?
मला काहीच होत नाही. मी मानत नाही. पण कॉलनीतले लोक मानतात, आणि गाडी उद्या कुठे घसरली तर ते मलाच ऐकवतील. हा सामाजिक प्रश्न आहे. हर्षलला ठणकावलं, तीन तारखेला घटस्थापना, सकाळी याच भावाने नेणार. तो टोकन म्हणून हजार रुपये द्या म्हणाला. दिले नाहीत. आगाऊ पैसे दिले की आपली बाजू लंगडी होते. शिवाय या दिवसांत गाडीवर पैसे ठेवायचे नसतात. म्हणजे मी मानत नाही, पण उगाच कशाला.
चार दिवसांचा प्रश्न आहे. जी गाडी वर्षभर कोणी घेतली नाही, ती पितृपक्षात कोण नेणार?

१ ऑक्टोबर, मंगळवार
शोरूमवरून मुद्दाम जाऊन पाहिलं. गाडी जागेवर. यादी जागेवर. हर्षलचा डबाही जागेवर.
परवासाठी झेंडूचा हार सांगितला. येताना धम्मशीलाच्या फाटकासमोर हॉर्न वाजवायचा. दोनदाच. तीनदा वाजवला तर ते दाखवणं होईल.

२ ऑक्टोबर, बुधवार
सर्वपित्री अमावस्या. शाळेतली गांधी जयंती आटोपून वडे, कढी, खीर. सासूबाईंचं पान गच्चीवर ठेवलं. कावळा शिवेना. समोरच्या टाकीवर बसून नुसता बघत होता, धम्मशीलासारखा. अर्जुनराव हात जोडून म्हणाले, आई, काय पाह्यजे तुले? उद्या नवीन गाडी आणतो, तुह्या सुनेले मागं बसवून फिरवतो. कावळा तरी हलेना. ऊन डोक्यावर.
तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. दोनदा.
शेवाळी. दिव्याला हार. टाकीवर माझा कागद अजून तसाच. हेल्मेटची काच वर करून धम्मशीला ओरडली, वंदना! झालं गं काम! खाली ये, पेढा घे!
कावळ्याने त्याच क्षणी वडा उचलला. अर्जुनराव म्हणाले, शिवला वो! आईची इच्छा पुरी झाली.
सासूबाईंचं आणि माझं कधी पटलं नव्हतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार
धम्मशीला पितृपक्ष पाळत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. फक्त नियोजनात धरायचं राहिलं. एवढीच चूक. बाकी नियोजन निर्दोष होतं.
शोरूममध्ये जाऊन हर्षलला झापलं. तो म्हणाला, मॅडम, मी त्याइले सांगतलं हे वंदना मॅडमची गाडी हाय. त्या म्हणे नाही, तिनंच सांगतलं, तिले नाही घ्यायची. तुम्ही म्हणलं नव्हतं का?
मी विषय बदलला. दसऱ्यापर्यंत भाव कमी होणार नाही. आता त्याच्याकडे नवीनच गाड्या आहेत, लाखाच्या पुढे. कोपऱ्यात नुसती कुंडी.
हार आला होता. अर्जुनरावांनी जुन्या गाडीला घातला. म्हणाले, इलेही बरं वाटन.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
जुनी गाडी हारासकट बंद. सोनाळ्याच्या अलीकडे, त्याच जागी. अर्जुनराव प्लग काढत असताना मागून हॉर्न.
धम्मशीला थांबली. म्हणाली, बस लवकर. नाहीतर तुझा उशीर मलाच मांडावा लागेल. मी म्हटलं, नको, आमची आत्ता सुरू होते. अर्जुनरावांनी माझी पर्स तिच्या हँडलला अडकवून दिली.
बसले. चालवते बरी. वाटेत म्हणाली, तुझी यादी होती म्हणून निभावलं गं. मी नुसतं बोट ठेवत गेले आणि तो देत गेला. अक्षर अजून तसंच आहे तुझं, कॉलेजातलं. उद्यापासून चौकात उभी राहत जा. रोज नेते.
चार मिनिटं आधी पोचलो. मस्टरवर पहिली सही माझी.
साडी एकदाही चाकाकडे गेली नाही. साडीगार्ड खरंच चांगला आहे. स्टीलचा. मीच मागितला होता.