लाभपाचमेचा पहिला सौदा

१८ ऑक्टोबर
चहावर इतका अन्याय इतिहासात कुठे झाला नसेल. बँकेतून पैसे पाठवायचे तर फोनवर कोड येतो. चष्मा सापडेपर्यंत कोड मरतो, दुसरा येईपर्यंत चहा. आणि एवढं करून माझ्यानंतर जागृतिबेननं मंजुरीचं बटण दाबायचं! जामनगरच्या या पितळी कारखान्याचे हिशेब मी ती शाळेत होती तेव्हापासून पाहतोय. तिचं बटण म्हणजे मिठाईवरचा वर्ख.

असो. वालजीशेठनी मला 'सायबर सुरक्षा प्रमुख' केलं. राजकोटच्या सेमिनारला मीच गेलो होतो. जेवण उत्तम. दुपारी डोळे मिटले होते, कान उघडे होते. आल्याआल्या भिंतीवर फलक लावला : 'खातं बदललं असा मेल आला, तर आधी फोन.'

२३ ऑक्टोबर
पहिली शिकार! परदेशी मेल, 'तातडीनं उत्तर द्या' वगैरे. ब्लॉक.
संध्याकाळी कळलं, जर्मनीचं जुनं गिऱ्हाईक. शेठ म्हणाले, "प्रद्युम्नभाई, चोर धरा म्हटलं होतं, पाहुणे नव्हे." तत्त्व मात्र बरोबर होतं.

५ नोव्हेंबर
उद्या लाभपाचम. दिवाळीची सुट्टी संपून पेढी उघडणार, मुहूर्तावर वर्षाचा पहिला सौदा होणार, भट्टी पेटणार. भंगार संपलंय. कांडल्याचे मेघजीभाई आठ लाख आगाऊ मिळाल्याशिवाय ट्रक सोडत नाहीत आणि शेठकडे आहेत तेवढेच. ते पैसे बुडाले तर भट्टी गार, गावाहून परतणारे कारागीर दुसऱ्याच्या दारात.
संकल्प : उद्या डोळ्यांत तेल घालून बसणे.

६ नोव्हेंबर, सकाळ
मुहूर्त टळायला पाच मिनिटं, आणि मेघजीभाईंचा मेल. 'साल मुबारक! जुनं खातं ऑडिटमध्ये अडकलंय, या नव्या खात्यात टाका. ट्रक भरून उभा आहे.' केवढी आपुलकी!
फोन लावला. एंगेज. आज अख्खं गुजरात साल मुबारक म्हणतंय.
जागृतिबेन म्हणाली, "तुमचाच फलक वाचा ना, भाई. फोन लागू दे."
म्हटलं, "बेन, वर्षाच्या पहिल्या सौद्याला 'थांब' म्हणतात का? शेठचं वर्ष नासेल." फलक बाकीच्या दिवसांसाठी आहे.
चष्मा, कोड, पाठवले. ती "भले, भाई, बरं तर" म्हणून आपल्या स्क्रीनकडे वळली. मी दोन पेढे खाल्ले.

दुपार
मेघजीभाईंचा फोन. "साल मुबारक! पैसे कधी टाकताय?"
म्हटलं, नव्या खात्यात टाकले की.
"कसलं नवं खातं?"
मेल पुन्हा उघडला. नाव मेघजीभाईंचं, मेलचा पत्ता कुठलातरी फुकटातला. सेमिनारची पहिलीच स्लाइड.

थोड्या वेळानं
बाहेर भट्टीला हार घालतायत. शेजारच्या खोलीत शेठ हसतायत. राजीनामा लिहायला घेतला. 'सविनय'च्या पुढे हात सरकेना. चूक बँकेची आहे. सेमिनारवाल्यांचीही.

त्यानंतर
जागृतिबेनला सांगितलं. पोलिसांना फोन लाव, म्हटलं.
"कशाला? आठ लाख माझ्या बटणापाशी बसलेत. मी दाबलंच नाही."
मी खुर्चीत बसलो. मग विचारलं, आणि मुहूर्त?
"पांजरपोळीच्या गाईंना एकशे एक रुपये पाठवले, पेढीच्या नावानं, माझ्या खात्यातून. झाला पहिला सौदा. आता जेवा, तोंड बघा कसं झालंय."
तिनं माझी नोंद रद्द केली. मेघजीभाईंच्या जुन्या खात्यात पैसे गेले, ट्रक निघाला. शेठनी विचारलं, मुहूर्त साधला ना? "साधला," मी म्हणालो. सुरक्षाव्यवस्था चोख असल्याचंही सांगणार होतो. राहिलं.

७ नोव्हेंबर
ती यायच्या आत पोहोचलो. शंभराची नोट आणि एक रुपया तिच्या कॅल्क्युलेटरखाली ठेवला. तिनं पाहिलं, पैसे पर्समध्ये टाकले.
मग वीजबिल भरायला घेतलं. कोड आला. तिच्या बटणासाठी थांबलो. चहा थंड झाला. प्यायलो.