भूमिकाचा अंधारातला गाल

मेहरूण, जळगाव

तीर्थस्वरूप अभिमन मामांना हितेंद्रचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढता का, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत; फक्त आई माझ्याशी बोलत नाही आणि धाकटी भूमिका उगाचच हसत असते. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुमच्याकडे फोन मामी उचलतात, स्पीकर लावतात आणि मग अख्खी गल्ली मला सल्ले देते.

तुम्ही धुळ्याच्या प्रेमराजचं स्थळ आणलंत आणि त्यांनी भूमिकाचा फोटो मागितला, तिथून हे सुरू झालं. आई म्हणाली, स्टुडिओत जाऊ. मामा, तो स्टुडिओवाला आपल्या गव्हाळ पोरींना पिठात घोळवून काढतो आणि मागे बर्फाचे डोंगर लावतो. (भर मे महिन्यात जळगावच्या पोरीला बर्फात उभं करायचं, काही लाज?) त्यात मी सध्या मोबाइलवर उजेडाचे व्हिडिओ बघतोय. तुम्ही कधी लक्ष दिलंय का, दिवा तोंडासमोर धरला की माणूस आधार कार्डावरचा दिसतो, आणि तोच दिवा बाजूला, जरा वर धरला की त्याच माणसाच्या मनात काहीतरी चाललंय असं वाटतं? दिवा तोच, माणूस तोच, मग बदललं काय? मी बँकेत कॅशवर बसून दिवसभर चेहरेच बघतो, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. झोप उडाली हो माझी.

भूमिका काही केल्या बसेना. ती लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, त्यामुळे संध्याकाळी तिच्यात दया उरत नाही. शेवटी आठवडाभर मी भांडी घासायची, या बोलीवर बसली. मागे बाबांची काळी घोंगडी टांगली, शेतात न्यायची बॅटरी खिडकीच्या गजाला बांधली, समोरून उजेड परतवायला आईची स्टीलची परात घेतली. पंख्याने घोंगडी हलत होती म्हणून पंखा बंद. खिडकीही बंद. (पिकायला ठेवलेल्या केळ्यांचे हाल यापेक्षा बरे असतात, असं भूमिकाचं मत पडलं.) बॅटरीपुढे पिठाची चाळणी धरून पाहिली तर चेहऱ्यावर काय सुरेख नक्षी पडली! पण तेवढ्यात आई चहा घेऊन आत आली आणि पोरीला गोवर आला म्हणून ओरडत बाहेर पळाली. मग चाळणी काढली, बॅटरी अजून थोडी वर सरकवली, आणि एकदम जमलं. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि अंधारातल्या डोळ्यात उजेडाचा एवढासा ठिपका. रिमोटसाठी बोचकारणारी ती हीच का, असं वाटलं. खरं सांगतो मामा, मला भरून आलं. परात हातातून पडली. (पोचा आलाय. आईला सांगू नका.)

धुळ्याला पाठवायला मी सरळ उजेडातला साधा फोटोही काढला होता, पण पाठवताना भूमिकाच्या हातून चुकून अंधारातला गेला. झालं! मुलाच्या आईचा फोन आला, "बठ्ठी पोर दखाडा ना बहीण, अर्धी काबर दखाडी?" आईने परोपरीने सांगितलं की पोर अख्खीच आहे, अर्धी दाखवलीय ती कला आहे. त्यांना वाटलं, डाग आहे.

परवा मुलाच्या आत्या पाचोऱ्याहून 'सहज' आल्या. बसल्या त्या नेमक्या भूमिकाचा जो गाल फोटोत अंधारात होता, त्या बाजूला. आमची बाई उठून खुर्ची फिरवून बसली. आत्यांनी पाणी मागितलं, हिने मान वळवून दिलं. आत्या तुळस बघायला उठल्या, त्यांच्याबरोबर हीही फिरली, गाल मात्र तोच! चहा निवला, पण दुसरा गाल काही दिसला नाही. आत्या तोंड पाडून गेल्या. तेव्हापासून धुळ्याहून शब्द नाही. मामा, इतकं चांगलं स्थळ, मुलगा निर्व्यसनी, तुमच्या ओळखीचा, आणि ते माझ्या बॅटरीपायी मोडतंय या विचाराने मला जेवण जात नाही. सोबत साधा फोटो ठेवलाय. तो घेऊन त्यांच्याकडे जा आणि पोरीचे दोन्ही गाल शाबूत आहेत, असं तुमच्या तोंडाने सांगा. तुमच्या शब्दाला तिथे मान आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
हितेंद्र

ता. क. जातच आहात तर त्यांच्या बैठकीला मऊ उजेडासाठी उत्तरेकडे खिडकी आहे का, तेवढं पाहून या. आत्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या फार सुंदर आहेत. बाजूने उजेड पडला तर काय दिसतील, हे डोक्यातून जात नाही. त्या पाचोऱ्याहून येऊन फोटोला बसतील का, जरा अंदाज घ्या.

ता. क. मामा, मी भूमिका. दादा पाकीट आणायला गेलाय, म्हणून घाईत लिहिते. फोटो चुकून गेला नाही, मीच पाठवला. साध्या फोटोवर सगळे उंची आणि रंगच विचारतात. यावर कोण काय विचारतं ते मला बघायचं होतं. सगळ्यांनी गालच विचारला. प्रेमराजांचा मात्र काल मेसेज आला, फोटो काढताना तुम्ही कोणावर एवढ्या चिडला होतात? मी सांगितलं. मग आमचं बराच वेळ बोलणं झालं. साधा फोटो मी पत्रातून काढून घेतलाय. रविवारी ते इकडे येताहेत. तुम्ही फक्त त्यांच्यासोबत या, म्हणजे घरी सांगता येईल की त्यांना तुम्हीच आणलं.