चोरीचा मुनवा

९ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल. बाबांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ते स्वतः त्याहून जास्त. मधल्या काळात पत्र नाही, फोन नाही, याचा हिशेब मी मांडत नाही. तूही मांडू नकोस.

पोरं उंच झाली असतील. घराला रंग दिलास, असं आत्याकडून कळलं. मागच्या अंगणात ती केळ अजून आहे, असंही बोलता बोलता म्हणाली.

त्या केळीचं एक काम कर. सकाळच्या उजेडात तिचं मधलं कोवळं पान बघ. रुंद आहे, की अरुंद होऊन ताठ उभं राहिलंय? देठावर गडद हिरव्या बारीक रेघा आहेत का? शेंड्याला पानं झाडूसारखी गोळा झालेली नाहीत ना? तुझं बघणं मला माहीत आहे, चष्मा लावून बघ.

ही आज केळीची चौकशी का करतेय, असं वाटलं असेल.

बाग गेली. डोंगरावर रोग आला, पर्णगुच्छ म्हणतात त्याला. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि त्याला औषध नाही. झाड उपटायचं आणि जाळायचं. मी आधी फक्त आजारी झाडं काढली, बाकीची वाचतील म्हणून. मग त्यांच्या शेजारची, मग त्यांच्याही शेजारची. शेवटी वरच्या बांधापर्यंत काही उरलं नाही. बाबा काठी टेकत यायचे आणि बघत बसायचे.

आता आसपास कुणाकडेच आपली डोंगरी केळ नाही. शेतकी खात्याचे साहेब बाजारच्या जातीची रोपं देतो म्हणतात. त्या जातीचं एक केळं बाबांनी खाऊन बघितलं आणि अर्धं ताटात ठेवलं. "गोड आहे," म्हणाले. आपल्या केळ्याला त्यांनी कधी नुसतं गोड म्हटलेलं आठवतंय तुला? एक फणी पिकायला ठेवली की घरभर वास सुटायचा.

त्याच संध्याकाळी म्हणाले, "चोराला पत्र टाक."

"मी नाही टाकणार. तुम्हीच लिहा."

"मी लिहिलं तर तो मुनवा पाठवेल. तू लिहिलंस तर तो स्वतः येईल."

घर सोडताना केळीच्या मोठ्या खुंटाच्या बुडाशी फुटलेला मुनवा, ते कोवळं पिल्लू, तू न विचारता खणून नेलास; तीच तुझ्या अंगणातली केळ. मी राखून ठेवलेला होता तो. त्यावरून मी आकाशपाताळ एक केलं आणि आपलं बोलणं तुटलं. पण मुनव्याचं काय, तेव्हा एक नेला तर दुसरा फुटायचा. तू गेलास याचा राग आला होता मला. तो अजून आहे.

चोरलास ते बरं झालं. हे एकदाच लिहितेय, पुन्हा वदवून घेऊ नकोस.

जमीन मोकळी ठेवली आहे. पावसाच्या तोंडावर लावता येईल. पार्सलने मुनवा सुखरूप येतो, हे मलाही कळतं, तरी पाठवू नकोस. ज्याने काढला त्यानेच खड्ड्यात ठेवायचा, हा आपल्या बागेतला नियम आहे. चोरी करतानासुद्धा तू तो पाळलास.

आणि पान अरुंद निघालंच, तर झाड जाळून टाक आणि रिकाम्या हातांनी ये.

खड्डा खणून ठेवते आहे,
तुझी ताई