खळ्यातले जोडे

प्रिय भगवंता,

हे पत्र आणणाऱ्या स्वाराला बसवून घे आणि आधी तू एकटाच वाच. रुख्मिणी वहिनींना काय सांगायचं, किती सांगायचं, ते मग तू ठरव. तुझा शेषा जिवंत आहे. इथे अकोल्याला छावणीच्या दवाखान्यात पडून आहे, आणि काल दुपारपासून त्याला पाय हलवता येत नाहीत. त्याला कोणी मारलेलं नाही. घोड्यावरून पडला नाही, पटकी नाही, ताप नव्हता. हे मी केलं. वीस वर्षं पलटणीत गेली, दोन लढाया पाहिल्या, पण असं पत्र कधी लिहिलं नाही. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

गेल्या दिवाळीत मी रजेवर बडनेऱ्याला आलो तेव्हाची गोष्ट तुला आठवत असेल. तिकडे कुठे अमेरिकेत लढाई लागली आणि आपल्या काळ्या मातीत कापसाचं सोनं झालं. तुझ्या छकड्याच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, आणि त्या छकड्यात उभा राहून अमरावतीच्या बाजारातून बैल उधळत नेणारा तुझा लेक. मला तर तो आवडलाच होता. पण तू ओसरीवर बसून म्हणालास, "सहदेवा, हा कोनाचंच आयकत नाही. ने याले तुह्यासंगं. हाडं मोडली तरी चालन, पन सरळ कर." मी मोठ्या तोऱ्यात होकार दिला. हवालदार ना मी. वहिनी दाराआड रडत होत्या. त्यांना मी सांगितलं की पोरगा माझ्या नजरेखाली राहील. तो राहिला माझ्या नजरेखाली. तेच तर सांगतो आहे.

पहिल्याच दिवशी त्याने मला रांगेत काका म्हटलं. मी चार लोकांत त्याचा पाणउतारा केला आणि बजावलं की इथे काका कोणी नाही. त्यानंतर तो "जी हवालदार" म्हणायला लागला. कामाला चोख होता रे. बंदूक पुसावी तर त्यानेच. भांडण नाही, दारू नाही. खोड एकच होती. कवाइतीच्या मैदानाच्या कडेला आला की वाकायचा, पायांतले बूट काढून हातात घ्यायचा आणि अनवाणी आत यायचा. रांग हसायची. साहेबाने दोनदा पाहिलं आणि मला विचारलं की या माणसाला सरकारी बूट टोचतात का. मी शेषाला विचारलं, काहून काढतो रे. तो म्हणाला, "खळं आहे जी." सगळे खो खो हसले. मला वाटलं, मालदाराचा पोरगा माझी चेष्टा करतो आहे. मी त्याला दलेल दिली.

दलेल म्हणजे शिक्षेची कवाईत. पाठीवर वाळू भरलेली पिशवी, बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर, आणि थांब म्हणेपर्यंत धावायचं. पूर्वी फटके असायचे, पाठीची सालपटं निघायची. त्यापुढे दलेल ही दया आहे असं आम्ही समजत आलो. नवा होतो तेव्हा मीही खाल्ली आहे, आणि तिनेच मी माणूस झालो असं शंभर पोरांना ऐकवलं आहे. घाम गाळून कोणी मरत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. नियम अर्ध्या तासाचा आहे. पहिल्या दिवशी मी नियम पाळला. दुसऱ्या दिवशी शेषा परत बूट हातात घेऊन आला, तेव्हा तास केला. काल तिसरा दिवस. त्याने वाकायच्या आधीच मी दोन शिपायांकडून त्याचे बूट सुतळीने घोट्याशी आवळून बांधले. चैत्राचं ऊन, डोक्यावर सूर्य. मैदानाच्या मध्ये एक जुना लाकडी खांब आहे, त्याच्याभोवती त्याला धावायला लावलं. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याला भलतंच काही करायला सांगतो आहे. मला तो उद्धटपणा वाटला.

दीड तास झाला असेल. तो पडला. मी म्हटलं, सोंग पुरे, ऊठ. भगवंता, तो उठला. आणखी दोन फेरे त्याने मारले आणि मग खांबाशी जो कोसळला तो उठला नाही. आम्ही त्याला उचलला तेव्हा मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. नंतर लघवी झाली ती काकवीसारखी काळी. मी असलं कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, अतिश्रमाने आतलं मांस फुटून रक्तात उतरलंय. लघवी साफ झाली तर वाचेल, नाही तर तीन दिवस. त्याने विचारलं, किती फेरे झाले. मी मोजलेच नव्हते. अंगावर माराचा एक वळ नाही, रक्ताचा थेंब नाही, नुसतं धावायला लावलं, आणि धडधाकट पोरगा हा असा. इतकी वर्षं मी कुणाकुणाला किती पळवलं आणि त्यांचं पुढे काय झालं, हेही मला माहीत नाही.

आता जे लिहायचं ते तुझ्यासाठी आहे. आज पहाटे शेषा ग्लानीत बडबडत होता. मी पाणी पाजायला वाकलो तर माझं मनगट धरून म्हणाला, "काका, बाले सांगू नका. म्या खळ्यात जोडे घालून फिरलो." मी बाहेर येऊन छावणीतल्या म्हाताऱ्या पखालवाल्याला विचारलं. तो इथलाच. म्हणाला, पलटण यायच्या आधी हे गावाचं खळंच होतं, आणि मधला खांब म्हणजे मळणीची मेढ. बैल फिरायचे तिच्याभोवती. आम्ही माळी, वांगी-मिरच्या पिकवणारे; आमच्या घरी खळं नव्हतं, आणि लहानपणी बरोबर हिंडताना आपल्या दोघांच्याही पायांत जोडे नव्हते. म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. शेषाने मेढ पहिल्याच दिवशी ओळखली होती. मग मला आठवलं, तूच हसत हसत सांगितलं होतंस. कापसाच्या पहिल्या पैशातून तू त्याला लाल जोडे घेतलेस, तो ते घालून खळ्यात आला, आणि जिथे धान्यलक्ष्मी येते तिथे चामडं नेतोस म्हणून तू त्याला बैल हाकायच्या तुतारीने झोडपलंस. तू म्हणालास तो कोणाचंच ऐकत नाही. भगवंता, तो तीन दिवस तुझंच ऐकत होता.

दवाखान्याकडे जायला मैदान ओलांडावं लागतं. आज सकाळी मी कडेला बसून बूट काढले आणि सगळ्या पलटणीसमोर अनवाणी गेलो. कोणी हसलं नाही. साहेबापुढे मी सारं कबूल केलं आहे, पट्टा उतरवून ठेवला आहे, पुढचं ते बघतील. मला तुझी माफी नको. शेषाला मी दहा वेळा सांगितलं की तुझी चूक नाही, पण माझ्या सांगण्याने त्याचं समाधान होत नाही. तू येशील या भीतीने तो दाराकडे बघतो आणि पाय पांघरुणात ओढायला जातो, ते हलत नाहीत. हे त्याला तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे. म्हणून पत्र लिहिलं. छकडा जुंपू नकोस, वेळ लागेल. घोडं घे आणि आत्ताच निघ. मी त्याच्याजवळ बसलो आहे. त्याच्या घोट्यांवर सुतळीच्या खुणा आहेत, त्या आल्याबरोबर पाहू नकोस. आधी त्याच्याशी बोल.

तुझाच,
सहदेव