बापाचा की लेकीचा?

आई,

तुझ्या दोन्ही गालांचे मुके. गुडघा बरा आहे. जिना तेवढा उलटा उतरतो, म्हणजे दुखत नाही. वादळात उडालेले पत्रे बसवले का गं?

फ्रान्सच्या या थंडगार टोकाला येऊन क्लबसाठी मी शंभरावर गोल मारले. लोकांना आठवते ती मात्र अंतिम सामन्यात आकाशात मारलेली एकच पेनल्टी. बूट खुंटीला टांगून बारा वर्षं झाली, तरी कुणाची पेनल्टी हुकली की आपलं आडनाव घेऊन म्हणतात, "सेलिमेन मारला!" तिकडे आपल्या बेटावर बाजारातही तुला ऐकवतात, मावशीने सांगितलं. तू लपवतेस.

काल त्याच मैदानावर तुझ्या नातीचा अंतिम सामना होता. बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि पेनल्टी. चेंडू उचलला तो आपल्या माएलिसने! पाठीवर तेच आडनाव. 

मागून इथला जाड्या खाटीक ओरडला, "पोरी, सेलिमेन मारू नकोस हं!" सगळे खिदळले. तिने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी पाठ फिरवली. एवढा मोठा स्ट्रायकर, पण बघायचं धैर्य झालं नाही. बुटाचा आवाज आला. मग काहीच नाही. मग सगळं मैदान उसळलं.

खाटीक माझ्याच गळ्यात पडून रडला, "याला म्हणतात सेलिमेन!" मेल्याला ढकललं नाही, एवढंच.

आता बाजारात कुणी तो शब्द काढला, तर मान खाली घालू नकोस. विचार त्याला, कुठला सेलिमेन? बापाचा, की लेकीचा?

तुझ्या हातच्या तिखटासाठी झुरणारा,
फ्लोरिमों